मारुती ८०० च्या गिअरबॉक्सची गळती: कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळी उरकली, आता गाडीकडे बघायला सवड आहे. गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला फरशीवर तेलाचा डाग पडतोय हे दसऱ्यापासून दिसत होतं. तेव्हा तो रुपयाएवढा होता. दिवाळीत गावाला जाऊन आलो आणि तळहाताएवढा झाला.

काल रात्री खोक्याचा पुठ्ठा फाडून गाडीखाली पसरला आणि चाकांच्या जागा खडूने आखून ठेवल्या. असं केलं की गाडी हलवल्यावरही थेंब कशाच्या खाली पडला ते मोजता येतं. सकाळी मोठा डाग एकच निघाला, गिअरबॉक्सच्या खाली. त्याच्यामागे बारीक ठिपक्यांची ओळ होती. इंजिनच्या चेंबरखाली पुठ्ठा कोरडा.

थेंब बोटावर घेऊन बघितला. इंजिन ऑइल एव्हाना काळं आणि पातळ झालेलं असतं. हे तपकिरी, दाट, आणि वास गंधकाचा. गिअर ऑइलमध्ये दातांवरचा भार सोसण्यासाठी गंधकाची रसायनं घातलेली असतात, त्यामुळे एकदा हा वास नाकात बसला की पुन्हा चुकत नाही. म्हणजे तेल गिअरबॉक्सचंच.

एवढ्या एका थेंबाची इतकी चौकशी करण्याला कारण आहे. सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसून तेल अडवणारी रबरी कडी. इंजिनच्या क्रँकचं सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील ही दोन्ही क्लचच्या घरात समोरासमोर असतात. यातलं कुठलंही गेलं तरी तेल एकाच फटीतून खाली येतं आणि दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या जोडाखाली बोट फिरवलं, तर नुसती कोरडी धूळ हाताला लागली. चढावर क्लचही घसरत नाही, म्हणजे त्याला तेल लागलेलं नाही. तेव्हा मोठं काम नाही असं धरून पुढे जाते.

लेव्हल प्लग खोलून करंगळी आत घातली. तेल भोकाच्या कडेला टेकायला हवं, ते पेरभर खाली आहे. गिअरबॉक्सला तेलाचा पंप नसतो. खालचे गिअर तेलात बुडून फिरतात आणि वरच्या बेअरिंगांवर तेल उडवतात. पातळी उतरली की उपाशी राहतात ती वरची बेअरिंगं, आणि ती गाडी बोंबलायला लागेपर्यंत कळत नाहीत. घरात उरलेलं त्याच ग्रेडचं तेल होतं, ते भोकातून वाहायला लागेपर्यंत भरलं.

१० नोव्हेंबर, रविवार

आज फक्त धुलाई. गिअरबॉक्सचा सगळा खालचा भाग तेलाने आणि त्यावर बसलेल्या मातीने असा माखलाय की गळती कुठून सुरू होते ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तेल एका जागी बाहेर पडतं, केसच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचाच्या, कडेने ओघळतं, चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो, आणि थेंब पडतो तिसऱ्याच जागी. खालच्या बोल्टच्या टोकाला लोंबणारा थेंब बघून तो बोल्ट आवळणारे पुष्कळ भेटतात.

डिझेल, रंगाचा जुना ब्रश आणि दात घासायचा ब्रश घेऊन दुपारपर्यंत घासत बसले. शेवटी चिंध्यांनी पुसून सगळं सुकू दिलं. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली मात्र गाडी नेली नाही. तो फवारा सीलच्या ओठांखाली, म्हणजे दांड्याला टेकणाऱ्या रबरी कडेखाली, पाणी घुसवतो.

मग पांढऱ्या खडूची पूड स्पिरिटमध्ये पातळ कालवली आणि संशयाच्या प्रत्येक जागेवर ब्रशने फासली. ही युक्ती फाउंड्रीतली, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातली. ओतीव भागाला बारीक तडा आहे का बघायचं असेल तर आमच्याकडे जुनी माणसं रॉकेल लावून पुसून घेत आणि वर खडू फासत. तड्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येई आणि खडूवर रेघ उमटे. इथे रॉकेलच्या जागी गळणारं तेलच काम करणार. स्पिरिट दोन मिनिटांत उडालं आणि पांढरा पापुद्रा राहिला.

संशयाच्या जागा अशा. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या एक्सलची (फिरत्या दांड्यांची) डावी-उजवी दोन सीलं. गिअर टाकायचा दांडा केसमध्ये शिरतो तिथलं शिफ्ट शाफ्टचं सील. स्पीडोमीटरची केबल ज्या छोट्या गिअरवर फिरते त्याची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी. ही गेली तर तेल केबलच्या आतूनसुद्धा चढतं. ड्रेन प्लग, लेव्हल प्लग, आणि केसचे दोन भाग जुळतात तो जोड.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काल आणि आज कामावर कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला गाडी नेली. हायवेचा रस्ता आहे, तेल चांगलं तापतं. संध्याकाळी गाडी गरम असतानाच टॉर्च घेऊन खाली शिरले.

डाव्या एक्सलच्या सीलभोवती खडू तपकिरी झालाय. वरची कमान कोरडी, खालच्या अर्ध्या भागात ओलसर चंद्रकोर, आणि तिथून खाली स्पष्ट ओघळ. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे. पण शिफ्ट शाफ्टच्या सीलभोवतीही ओलं कडं उमटलंय. तिथे तेलाची पातळी पोचतच नाही, फक्त उडालेले शिंतोडे पोचतात. बाकी सगळ्या जागा पांढऱ्याशुभ्र.

संध्याकाळी गल्लीतले मामा चहाला आले होते. त्यांनी उभं आयुष्य गॅरेजात काढलंय. त्यांना दाखवलं.

"दोन्ही सीलं मार की नवी ताई, इचार कसला करतीस? आन् तेल भर एकशेचाळीस नंबरचं. गळंलच कसं?"

सीलं बदलणार आहेच, पण मला एक गोष्ट खटकतेय. एका सीलमध्ये दांडा सतत फिरतो, दुसऱ्यात नुसता थोडासा सरकतो. दोघांचं काम वेगळं, झीज वेगळी, वय मात्र सारखं. ती एकाच महिन्यात का गळावीत? एक गळतं तेव्हा सील बघायचं. दोन एकदम गळतात तेव्हा त्यांना आतून कोण ढकलतंय ते बघायचं.

आणि १४० नंबरच्या तेलाबद्दल: मामांच्या जुन्या ट्रकांच्या काळात ते चालत असेल. या गिअरबॉक्सात गिअर बदलताना पितळी सिंक्रो रिंग कोनावर घासून गिअर आणि शाफ्ट यांचा वेग जुळवते. त्यासाठी रिंगवरच्या बारीक खाचांनी मधला तेलाचा पापुद्रा क्षणात कापला गेला पाहिजे. तेल जाड असलं तर तो कापला जात नाही, आणि थंड सकाळी दुसरा गिअर करकरतो. गळती थांबवायला तेल जाड करायचं म्हणजे सीलचं दुखणं सिंक्रोच्या गळ्यात बांधायचं. मामांनी ऐकून घेतलं, पटलं असं म्हणाले नाहीत.

१३ नोव्हेंबर, बुधवार

ब्रीदर. गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला एक छोटी टोपी असते, तिच्यातून आतली हवा बाहेर-आत होते. एवढंच तिचं काम, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. टोपी बोटांनी फिरवून पाहिली तर ती दगडासारखी घट्ट. डिझेल सोडून थोडी भिजू दिली, पिनने टोचलं. आतून करड्या मातीची खपली निघाली. पिठासारखी बारीक, वाळून सिमेंट झालेली.

ही माती कुठली ते लगेच कळलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, नाल्याचं पाणी फुगून आमच्या गल्लीत शिरलं. गाडी हलवायला मिळाली तोवर पाणी बोनेटच्या खालच्या कडेला लागलं होतं. पूर ओसरल्यावर इंजिन ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक सगळं बघून घेतलं होतं. ही टोपी कुठल्याच गॅरेजच्या यादीत नसते.

हिशेब साधा आहे. गिअरबॉक्समधली हवा २५ अंशांवरून ८५ अंशांपर्यंत तापली आणि तिला बाहेर जायला वाट नसली, तर दाब साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. म्हणजे जवळजवळ ३ पीएसआय (दर चौरस इंचाला ३ पौंड). ऐकायला कमी वाटतं, पण ही ओठांची सीलं दाब अडवायला केलेलीच नसतात. रबराचा ओठ शाफ्टवर अगदी हलका टेकतो, मागची गोल स्प्रिंग त्याला धरून ठेवते, आणि तेल उलटं आत परतवण्याचं काम ओठ आणि शाफ्ट यांच्यामधला पापुद्रा करतो. आतून दाब आला की ओठ शाफ्टवर जास्त दाबला जातो, तापतो, कडक होतो, शाफ्टलाही खातो. शिवाय तेल तर ढकललं जातंच.

रात्री गाडी थंड झाली की हेच उलटं. आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असल्यामुळे ती बाहेरची हवा सीलच्या ओठांखालून ओढते. तिच्याबरोबर ओल आणि धूळही आत जाते. पुराच्या पाण्यातून गाडी नेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की तो श्वास आत घेतो.

टोपी मोकळी केली, आतली वाट तारेने साफ केली, तोंडाने फुंकून हवा जाते याची खात्री केली. सीलांना आज हात लावला नाही. जुना खडू पुसून नवा फासला. दोन्ही दुरुस्त्या एकदम केल्या असत्या तर कशाने काय थांबलं ते कधीच कळलं नसतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

रोजच्या कामाच्या फेऱ्या झाल्या, आज पन्हाळ्याला जाऊन आले. चढ, उतार, थोडं रेंगाळणं, पुन्हा चढ. परत आल्यावर तासाभराने खाली शिरले.

शिफ्ट शाफ्टभोवतीचा खडू पांढरा आहे, कुठेही ओल नाही. तिथलं सील चांगलंच होतं, फक्त आतून ढकललं जात होतं. डाव्या एक्सलची चंद्रकोर मात्र परत उमटलीय, आधीपेक्षा बारीक. म्हणजे दाबाने त्या सीलचं नुकसान करून ठेवलंय, किंवा ते आधीच पिकलं होतं आणि दाबाने त्याला उघडं पाडलं. ते बदलायचं. उजवं कोरडं आहे, त्याला हात लावणार नाही.

मामांना बोलावून दाखवलं. बराच वेळ टॉर्च मारून बघत राहिले. मग म्हणाले, "टोपी व्हय! आम्ही त्या काळात किती सीलं मारली आसतील उगंच." आणि बुधवारी मदतीला येतो म्हणून सांगून गेले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी स्पेअर पार्टच्या दुकानात. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी रस्त्यावर अजून इतक्या आहेत की किरकोळ सामानाची अडचण येत नाही. अडचण येते ती निवडीची.

"कंपनीचं देऊ का लोकल? लोकल निम्म्यात आहे."

दोन्ही मागून काउंटरवर शेजारी ठेवली. लोकल सीलच्या ओठावर साच्यातून आलेली जादा रबराची बारीक कड राहिलेली, आणि नखाने ओठ दाबला तर तो सावकाश परत येत होता. चांगल्या सीलचा ओठ सुरीच्या धारेसारखा स्वच्छ असतो आणि बोट काढताच जागेवर येतो. मागची स्प्रिंग खाचेत सगळीकडे सारखी बसलीय ना ते बघितलं. सीलवर बाण असेल तर तो शाफ्टच्या फिरण्याची दिशा सांगतो. डाव्या एक्सलला उजव्याचं सील मापाने बसलं तरी त्याच्या ओठावरच्या तिरक्या रेघा तेल आत ढकलण्याऐवजी बाहेर काढतात. बाण बघूनच घेतलं. किंमत दीडशेच्या आत.

तेलाबाबत दुकानदार "हेच चालतं सगळ्यांना" म्हणत जीएल-५ चा डबा पुढे करत होता. जीएल-४ मागून घेतलं. जीएल हा गिअर ऑइलचा वर्ग. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त, ती मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या हायपॉइड डिफरन्शियलसाठी (डिफरन्शियल म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच) असतात, जिथे दात एकमेकांवर जोरात घसरतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आडव्या इंजिनाच्या या गाडीत डिफरन्शियलचा मोठा गिअरही साधा तिरक्या दातांचा आहे, त्याला तेवढ्या तिखट तेलाची गरज नाही. आणि सिंक्रोच्या पितळाला ती रसायनं मानवत नाहीत. दाटपणाची ग्रेड ७५डब्ल्यू-९०.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी लवकर मत देऊन आलो आणि नऊला कामाला लागलो.

मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक, पुढून जॅक, आणि जॅक स्टँड. स्टँडवर गाडी टेकल्याशिवाय खाली जायचं नाही हा मामांचाही नियम आहे.

तेल काढायच्या आधी लेव्हल प्लग सैल होतो याची खात्री करायची, मग ड्रेन प्लग. वरचा अडकून बसला आणि खालून तेल निघून गेलं तर गाडी जागची हलवता येत नाही. तेल पसरट भांड्यात घेतलं. रंग तपकिरी, पण उजेडात धरल्यावर किंचित दुधी झाक. ओल आत गेल्याची खूण. भांड्याच्या तळावरून चुंबक फिरवलं, टोकाला करडा मऊ लेप आला, बोटांत चोळल्यावर काही टोचलं नाही. ही रोजची झीज. तुकडे किंवा सुयांसारखे कण निघाले असते तर सीलचं काम तिथेच थांबवून बेअरिंगांकडे बघावं लागलं असतं. तेलात बारीक सोनेरी चमक होती, ती चुंबकाला दाद देत नाही. ते सिंक्रोचं पितळ. सत्तावीस वर्षांच्या गाडीला तेवढं चालायचंच.

डावं चाक काढलं. हबचा नट न खोलता काम होतं: लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट नकलमध्ये, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागात, एका आडव्या बोल्टने धरलेला असतो, तो बोल्ट पूर्ण काढायचा, आर्म खाली दाबायचा, म्हणजे नकल शॉकअपसकट बाहेर झुकतं. बोल्ट गंजून बसला होता. रात्रीच त्यावर तेल सोडून ठेवलं होतं, तरी मामांनी टॉमीला (पान्याच्या दांड्याला) पाइप लावल्यावरच बधला.

आता एक्सलचा आतला जॉइंट. तो डिफरन्शियलमध्ये एका स्प्रिंगच्या लॉकवर अडकलेला असतो. केस आणि जॉइंट यांच्यामध्ये टायर लिव्हर घालून एकच झटका द्यायचा, दांडा धरून ओढायचं नाही, नाहीतर जॉइंट आतल्या आत सुटतो आणि बूट, म्हणजे त्याचं रबरी आवरण, फाटतो. लिव्हर टेकवताना केसच्या ॲल्युमिनियमवर लाकडाची पट्टी ठेवली. मामांनी हात मारला, "टक" असा आवाज आला आणि जॉइंट सुटला. सुटलेला एक्सल तारेने वर बांधून ठेवला, लोंबकळू दिला नाही.

जुनं सील काढताना ओठाऐवजी बाहेरच्या पत्र्याला स्क्रू ड्रायव्हर लावला, केसच्या गोलाईला ओरखडा येऊ नये म्हणून. निघाल्यावर हातात घेऊन वाकवून बघितलं. नव्या सीलचा ओठ कानाच्या पाळीसारखा मऊ लागतो. हा प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणासारखा कडक, आणि एका जागी बारीक तडा. ओठाचं टोक धारदार राहिलेलं नाही, पसरट चपटं झालंय.

आणि खरी गोष्ट जॉइंटवर सापडली. सीलचा ओठ जिथे फिरतो त्या चकचकीत पट्ट्यावर एक गोल खाच पडलीय. नख आडवं नेलं की अडकतं. एवढी खाच असताना नवं सील त्याच जागी बसवलं तर नवा ओठ जुन्याच खाचेत फिरणार, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा पुठ्ठा अंथरावा लागणार. सील बदलूनही गळती राहते अशी तक्रार करणाऱ्यांच्या गाडीत बहुतेक वेळा हेच असतं.

उपाय तीन. नवा जॉइंट. किंवा खाचेवर बसणारी पातळ स्टीलची बाही. किंवा सील थोडं बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ खाचेच्या शेजारी कोऱ्या धातूवर फिरेल. केसमध्ये सीलच्या घराची खोली मोजली, सीलची जाडी मोजली. दीड मिलिमीटर बाहेर ठेवलं तरी सील पुरेसं धरतं आणि जॉइंटला लागत नाही. तिसरा उपाय पक्का केला. पण दीड मिलिमीटर म्हणजे सगळीकडे दीड. हातोडीने अंदाजाने ठोकून ते साधणार नाही, एका बाजूला तिरकं गेलं की संपलं. त्यासाठी मापाचा ड्रिफ्ट, म्हणजे सील ठोकून बसवायचा ठोकळा, पाहिजे, आणि तो करून देणारं उद्यमनगर आज बंद.

गिअरबॉक्सच्या तोंडाला स्वच्छ कापड आणि वर प्लॅस्टिक बांधून ठेवलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कामावरून सुटल्यावर शिवाजी उद्यमनगरात. ओतकाम आणि ऑइल इंजिनांवर वाढलेला हा भाग, इथे एक तुकडा करून मागितला तरी कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. लेथवाल्या काकांना कागदावर चित्र काढून दाखवलं: सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित कमी जाडीचं डोकं, आणि त्याच्या मागे केसच्या तोंडावर टेकणारी रुंद कॉलर. कॉलर केसवर टेकली की सील पुढे जाऊच शकत नाही. किती आत थांबायचं ते कॉलर आणि डोकं यांच्यातल्या पायरीवर ठरतं.

काकांनी चित्र बघितलं, विचारलं, "सील किती बाहेर ठेवायचंय?" दीड म्हटल्यावर त्यांनी कपाटातून नायलॉनचा तुकडा काढला. "ॲल्युमिनियमनं सीलची कड चेमटते. ह्यानं ठोका." पायरी व्हर्नियरने मोजून माझ्यासमोर पुन्हा एक हात फिरवला, तेव्हा माप बसलं. हा ड्रिफ्ट आता जपून ठेवायचा.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल निकालाचा गुलाल, गल्लीत हलायला जागा नव्हती. आज शांत.

आधी जॉइंटचा पट्टा. सहाशे नंबरच्या एमरीची (घासकागदाची) अरुंद पट्टी तेलात भिजवून, बुटाला पॉलिश करतात तशी गोलाईभोवती मागे-पुढे ओढली. पट्टी शाफ्टच्या लांबीच्या दिशेने सरकवायची नाही. तसं केलं की धातूवर आट्यांसारख्या तिरक्या रेघा पडतात आणि फिरताना त्या तेल सीलखालून बाहेर ओढतात. खाच जाण्यासाठी हे नव्हतं, शेजारच्या कोऱ्या धातूवरचे गंजाचे ठिपके जावेत म्हणून होतं. मग स्पिरिटने पुसून एमरीचा कण राहिला नाही याची दोनदा खात्री.

सीलच्या घराची गोलाई पुसली. सीलच्या ओठाला गिअर ऑइल, दोन ओठांच्या मध्ये थोडं ग्रीस. कोरडा ओठ पहिल्या मिनिटातच भाजतो. सील हाताने सरळ धरून ड्रिफ्ट टेकवला आणि हातोडीचे हलके ठोके, प्रत्येक ठोका समोरासमोरच्या बाजूला. कॉलर केसवर टेकली तसा आवाज बदलला. व्हर्नियरने चार ठिकाणी मोजलं, सगळीकडे सारखं.

जॉइंटच्या दातांवर चिकटपट्टी गुंडाळून त्यावर तेल लावलं, म्हणजे दात सीलच्या ओठाला फाडत नाहीत, आणि ओठापर्यंत आत नेऊन ऐनवेळी पट्टी ओढून काढली. जॉइंटचं लॉक नवं घातलं. आत ढकलल्यावर "टक" झालं, हाताने ओढून बघितलं, येत नाही. लॉक बसलं की नाही हे फक्त ओढूनच कळतं.

बॉल जॉइंटचा बोल्ट नव्या नटासह, ड्रेन प्लगला नवं वॉशर. भरणं लेव्हलच्या भोकातूनच: गाडी चारही बाजूंनी सपाट ठेवून, तेल बाहेर ओघळायला लागेपर्यंत. थोडं थांबून परत बघितलं, पातळी उतरली होती, पुन्हा भरलं. दाट तेल सगळ्या कप्प्यांत पोचायला वेळ घेतं.

गल्लीतून एक फेरी. गिअर आधीपेक्षा सहज पडतायत, विशेषतः दुसरा. दुधी तेल निघून गेल्याचा हा परिणाम.

१ डिसेंबर, रविवार

खरी परीक्षा घाटात. कोल्हापूरहून गगनबावड्याला गेलो. करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद असल्याने भुईबावडा घाटाने खाली उतरून तसेच परत चढून आलो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधावर गाडी सोडली की गिअरबॉक्सवर भार उलट दिशेने येतो, चढावर पुन्हा सरळ. सीलची कसोटी लागते ती अशा उलटसुलट भारात आणि तापात. गगनबावड्याला थांबलो तेव्हा केसचं तापमान मोजलं, ऐंशी अंशांच्या आसपास होतं.

तिथेच रस्त्याकडेला वाकून टॉर्च मारला. डाव्या सीलभोवती खडू पांढरा. शिफ्ट शाफ्टभोवती पांढरा. मामा सोबत होते, त्यांनी स्वतः बोट फिरवून बोट माझ्यासमोर धरलं. त्याला फक्त खडू लागला होता.

रात्री पुठ्ठा अंथरला. सकाळी कोरडा.

१५ डिसेंबर, रविवार

पातळी पुन्हा तपासली, भोकाच्या कडेला टेकलेली आहे. तेलाचा थेंब काचेवर घेऊन उजेडात बघितला, स्वच्छ सोनेरी. थोडी ओल राहिलीच असेल म्हणून हे तेल पूर्ण मुदतीपर्यंत ठेवणार नाही, मार्चमध्ये एकदा बदलेन.

काल मामांच्या ओळखीतली दुसरी ८०० आली होती, तीही पुरात उभी राहिलेली, गळती तशीच. मामांनी सीलच्या आधी टोपी खोलली. ती पण बंद.

जूनच्या आत ब्रीदरला रबरी नळी लावून तिचं तोंड वर बॅटरीच्या उंचीला न्यायचं आहे आणि टोकाला छोटा फिल्टर बसवायचा आहे. नळी तेलाला टिकणारी पाहिजे, पाण्याची साधी नळी काही महिन्यांत फुगून बंद होते. टोपीखालच्या नळकांड्याचा बाहेरचा व्यास मोजून घेतलाय, ७ मिलिमीटर. नळी उद्यमनगरातच मिळेल.